प्रेक्षकांनी घडवलेले इंटरनेट : दूरचित्रवाणी मालिकांचे चाहते आणि त्यांच्या कथा

आज एखाद्या मालिकेच्या शेवटच्या भागाविषयी समाजमाध्यमावर काही लिहायचे असेल, तर समंजस माणूस आधी ‘स्पॉयलर आहे, भाग पाहिला नसेल तर पुढे वाचू नका’ अशी सूचना देतो. दोन पात्रांचे सूत जुळावे असे ज्यांना मनापासून वाटते ते प्रेक्षक त्या दोघांच्या नावांचे जोडनाव बनवतात आणि त्याच नावाने हॅशटॅग चालवतात. लेखनाला टॅग लावणे, कथेच्या माथ्यावर ‘यात हिंसेचे वर्णन आहे’ असे सांगून ठेवणे, मालिकेचा विकी सगळ्यांनी मिळून लिहिणे, बंद पडू घातलेल्या मालिकेसाठी मोहीम उघडणे, या गोष्टी आता इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कोणी तरी, केव्हा तरी, एखाद्या अडचणीवर तोडगा म्हणून रुजवल्या असतील हे मनातही येत नाही. यांतल्या बऱ्याच सवयींचा माग काढत गेले की आपण ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतल्या अशा प्रेक्षकांपाशी पोहोचतो, जे विद्यापीठातल्या किंवा कचेरीतल्या संगणकावर बसून आपल्या आवडत्या मालिकेविषयी एकमेकांना लिहीत होते. कथा लिहिणाऱ्यांत तर स्त्रियांचीच बहुसंख्या होती. इंटरनेटचा इतिहास सांगताना संशोधक, सैन्य आणि कंपन्या यांची नावे येतात, या प्रेक्षकांची क्वचितच येतात, आणि ही उणीव मला फार खटकते.

आधी फॅन फिक्शन म्हणजे काय ते पाहू. मालिकेतली, चित्रपटातली किंवा कादंबरीतली पात्रे घेऊन चाहत्याने स्वतः लिहिलेली आणि बहुधा पैसे न घेता इतर चाहत्यांना वाचायला दिलेली कथा म्हणजे फॅन फिक्शन. मालिकेने अर्धवट सोडलेला धागा त्यात पुढे नेलेला असतो, एखाद्या दुय्यम पात्राच्या नजरेतून तीच घटना पुन्हा सांगितलेली असते किंवा मालिकेने दाखवलेला शेवट बदललेला असतो. मराठी वाचकाला यात विचित्र वाटण्यासारखे काही नाही. मोरोपंतांनी एकाच रामकथेवर १०८ रामायणे रचली असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. फरक मालकीचा आहे. रामकथा कोणाच्या खासगी मालकीची नाही. दूरचित्रवाणी मालिकेतले पात्र मात्र एका कंपनीचे असते, आणि त्याच्यावर कथा लिहिणाऱ्याला त्या कंपनीची नोटीस येऊ शकते. या एका फरकामुळे चाहत्यांच्या लेखनाला कोणती वळणे घ्यावी लागली ते पुढे दिसेल.

सायक्लोस्टाइलचा काळ

‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. ती तिसऱ्या वर्षात गेली त्यामागे चाहत्यांनी वाहिनीकडे पाठवलेल्या पत्रांचा मोठा वाटा मानला जातो. ब्यो आणि जॉन ट्रिम्बल या दांपत्याने ती मोहीम बांधली होती. केवळ या मालिकेला वाहिलेले चाहत्यांचे पहिले नियतकालिक, ‘स्पॉकॅनालिया’, १९६७ मध्ये निघाले. अशी नियतकालिके घरच्या टंकलेखन यंत्रावर टंकून, प्रती काढून, टपालाने किंवा संमेलनात वाटली जात आणि त्यांची किंमत कागद-शाई-टपाल यांच्या खर्चापुरतीच असे. आपल्याकडे साठच्या दशकात लघुनियतकालिकांची चळवळ ज्या साधनांवर उभी राहिली, जवळजवळ तीच ही साधने होती.

या कागदी काळात दोन गोष्टी तयार झाल्या आणि त्या पुढे इंटरनेटवर जशाच्या तशा आल्या. पहिली म्हणजे ‘मेरी सू’. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एक अगदी छोटी विडंबनकथा लिहिली. तिची नायिका अंतराळदलातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, वय अवघे साडेपंधरा, आणि सर्वगुणसंपन्न. नवख्या लेखिका स्वतःलाच कथेत घालून सगळ्यांची लाडकी करून टाकतात, या खोडीवर ते बोट होते. आज कोणत्याही चित्रपटाच्या नायिकेवर वाद पेटला की ‘ही मेरी सू आहे’ हे वाक्य ऐकू येतेच, आणि पुष्कळदा ते स्त्रीपात्र कर्तबगार आहे एवढ्याच कारणासाठी वापरले जाते. मूळ विडंबनाचा रोख तसा नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे एक तिरकी रेघ. ‘स्टार ट्रेक’मधला यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्या मैत्रीच्या कथांवर दोघांच्या नावांमध्ये ‘आणि’चे चिन्ह टाकण्याची पद्धत होती, त्यांच्यात प्रेमसंबंध कल्पिलेला असेल तर नावांमध्ये तिरकी रेघ येऊ लागली. अशी पहिली छापील कथा १९७४ ची मानली जाते. वाचकाने पान उघडण्यापूर्वीच त्याला आत काय आहे हे कळावे, एवढे काम ती रेघ करत होती. ही रेघ लक्षात ठेवावी, कारण जवळजवळ चार दशकांनंतर ती एका कंपनीला महागात पडणार होती.

युजनेट : गोष्ट सांगू नका, पण बोला

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी युजनेट या संगणकांवरच्या चर्चाजाळ्याची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ते चालू झाले. आजच्या समाजमाध्यमाप्रमाणे त्याचा एक मालक नव्हता. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दूरध्वनीच्या तारेवरून शेजारच्या संगणकाकडे जाई, तिथून पुढच्याकडे, आणि असे करत काही तासांत किंवा दिवसांत तो सगळीकडे पोहोचे. विषयानुसार गट होते: संगणकाच्या भाषांचे, पाककृतींचे, मालिकांचे. परदेशातल्या मराठी मंडळींनीही पुढे याच जाळ्यावर ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटात गप्पा मारल्या. जागा महाग असल्यामुळे प्रत्येक संगणक जुना मजकूर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुसून टाकत असे. हे पुसणे पुढे फार महत्त्वाचे ठरले.

मालिकेवर बोलणाऱ्यांपुढे पहिली अडचण वेळेची होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर भाग संपतो तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर तो अजून सुरूही झालेला नसतो, आणि ब्रिटनमध्ये तोच भाग कित्येक महिन्यांनी दिसायचा. बोलल्याशिवाय राहवत नाही आणि बोलले तर दुसऱ्याचा रसभंग होतो, अशा कोंडीतून स्पॉयलरची रीत पक्की झाली. विषयाच्या ओळीत ‘स्पॉयलर’ असे लिहायचे. मग मजकुराच्या आधी वीस-पंचवीस रिकाम्या ओळी सोडायच्या, कारण तेव्हाच्या पडद्यावर साधारण तेवढ्याच ओळी मावत आणि वाचणाऱ्याने स्वतः कळ दाबल्याशिवाय पुढचे दिसत नसे. काही जण रिकाम्या ओळींऐवजी एक नियंत्रण-अक्षर टाकत. ते आले की वाचनाचा प्रोग्रॅम आपोआप थांबून वाचकाची वाट पाही. विनोदांच्या गटात आक्षेपार्ह मजकूर झाकण्यासाठी ‘रॉट-१३’ नावाची युक्ती होती. इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे आहेत, म्हणून प्रत्येक अक्षराऐवजी तेरा घरे पुढचे अक्षर लिहायचे. तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत मिळतो. ही युक्तीही शेवट झाकायला वापरली गेली. आज मजकूर धूसर करून ‘पाहण्यासाठी दाबा’ असे म्हणणारी जी सोय मिळते, ती याच पद्धतीची सुधारलेली आवृत्ती आहे. वाचायचे की नाही हा निर्णय दोन्हींमध्ये वाचणाऱ्याच्या बोटावर सोपवलेला आहे.

१९९० च्या एप्रिलमध्ये एबीसी वाहिनीवर ‘ट्विन पीक्स’ सुरू झाली आणि प्रेक्षकांच्या एकत्र विचार करण्याला तिने मोठा वाव दिला. लॉरा पामर या मुलीचा खून कोणी केला, हा मालिकेचा प्रश्न होता. चाहते भाग व्हीसीआरवर ध्वनिचित्रमुद्रित करत, चित्रचौकट थांबवून मागचे कपाट, भिंतीवरचे चित्र, पार्श्वभूमीतला आवाज तपासत आणि युजनेटवर घटनांच्या कालक्रमाच्या याद्या, संकेतांच्या याद्या, तर्क आणि प्रतितर्क लिहीत. दूरचित्रवाणी म्हणजे दमून आल्यावर डोके बाजूला ठेवून पाहण्याची वस्तू, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. या गटाने तिला शिस्तीत वाचण्याचा ग्रंथ मानले. पुढे २००३ मध्ये सुरू झालेला ‘मेमरी अल्फा’ हा स्टार ट्रेकचा विकी किंवा २००५ चा ‘लॉस्टपीडिया’ पाहिला, की त्यामागे हीच एकत्र टिपणे काढण्याची सवय दिसते.

एका कथेचे शीर्षपत्र

१० सप्टेंबर १९९३ रोजी फॉक्स वाहिनीवर ‘द एक्स-फाइल्स’ सुरू झाली. अलौकिकावर विश्वास ठेवणारा मल्डर आणि विज्ञानावर विसंबणारी डॉक्टर स्कली, हे दोघे एफबीआयचे अधिकारी. नेमक्या याच सुमारास घरोघरी इंटरनेट पोहोचू लागले होते, त्यामुळे या मालिकेचे चाहते आणि जाळे दोन्ही बरोबरीने वाढले. मल्डर आणि स्कली यांनी प्रेमात पडावे की नाही यावर चाहत्यांत उघड दोन तट पडले. नाते जुळावे असे मानणाऱ्यांना ‘रिलेशनशिपर’ म्हणत, त्याचेच पुढे ‘शिपर’ झाले. विरोधकांना ‘नोरोमो’ म्हणत. जगभरच्या तरुण प्रेक्षकांच्या तोंडी आज असलेला ‘शिप करणे’ हा प्रयोग या वादातून सगळीकडे पसरला.

मला या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती कथेच्या माथ्यावरचे शीर्षपत्र. युजनेटवर चित्र नाही, मुखपृष्ठ नाही, मलपृष्ठावरचा परिचय नाही, नुसती अक्षरे. शेकडो कथांतून आपल्याला हवी ती कशी ओळखायची? म्हणून प्रत्येक लेखिका कथेआधी ठरावीक ओळी लिहू लागली: शीर्षक, लेखिकेचे नाव किंवा टोपणनाव, पत्ता, प्रतवारी, वर्गीकरण, स्पॉयलर, कळीचे शब्द, सारांश, अस्वीकृती. प्रतवारी अमेरिकी चित्रपटांच्या प्रमाणपत्रांवरून उचललेली होती. ‘जी’ म्हणजे कोणीही वाचावे, ‘एनसी-१७’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी. वर्गीकरण एकेका अक्षराने होई: ‘एस’ म्हणजे पूर्ण कथा, ‘व्ही’ म्हणजे छोटा प्रसंग, ‘एक्स’ म्हणजे मालिकेसारखे तपासाचे प्रकरण, ‘आर’ म्हणजे प्रेमकथा, ‘ए’ म्हणजे मनस्ताप, ‘एच’ म्हणजे विनोद. कळीच्या शब्दांत ‘एमएसआर’ दिसले की मल्डर आणि स्कली यांची प्रेमकथा आहे हे कळे. स्पॉयलरच्या ओळीत ही कथा मालिकेच्या कोणकोणत्या भागांचे रहस्य उघड करते त्यांची नावे असत.

या नऊ-दहा ओळींत केवढी व्यवस्था आहे ते पाहावे. शोध घेण्याची सोय आहे, वयाची मर्यादा आहे, नाजूक आशयाची पूर्वसूचना आहे, आणि हे सगळे लिहिणाऱ्यानेच भरायचे आहे. वर कोणी संपादक नाही, तपासनीस नाही. एखादीने शीर्षपत्र अपुरे लिहिले तर इतर वाचक तिला सांगत आणि ती सुधारत असे. प्रसिद्ध करण्यापूर्वी कथा दुसऱ्या चाहतीकडून तपासून घेण्याची रीतही या वर्तुळात रुळली. अशा तपासणाऱ्या व्यक्तीला ‘बीटा रीडर’ म्हणत, कारण प्रोग्रॅम खुला करण्याआधी त्याची ‘बीटा’ चाचणी होते. संगणकाच्या जगातला शब्द साहित्याच्या जगात असा सहज येऊन बसला, कारण दोन्ही जगांतली माणसे तिथे एकच होती.

युजनेट मजकूर पुसून टाकत असल्यामुळे आवडलेली कथा पुन्हा सापडत नसे. त्यावर उपाय म्हणून ‘गॉसमर’ हा एक्स-फाइल्सच्या कथांचा साठा उभा राहिला. स्वयंसेवक कथा गोळा करून त्या शीर्षपत्रानुसार लावून ठेवत. ही मालिका संपल्यावरही कित्येक वर्षे लोक तिथे वाचत राहिले. चाहत्यांचे हे जग मालिकेच्या कर्त्यांनाही ठाऊक होते. या चाहतावर्गातल्या एका लोकप्रिय कथालेखिकेचे २००१ मध्ये कर्करोगाने निधन झाले, तेव्हा निर्मात्यांनी त्याच वर्षीच्या एका भागात तिचे नाव एका तरुण महिला अधिकाऱ्याच्या पात्राला दिले.

नोटीस आणि अस्वीकृती

शीर्षपत्रातली शेवटची ओळ, अस्वीकृती, साधारण अशी असे: पात्रे माझी नाहीत, अमुक कंपनीची आहेत, मी यातून पैसे कमावत नाही, कृपया खटला भरू नये. या ओळीला कायद्यात फारसे संरक्षणमूल्य नव्हते, पण लिहिणाऱ्याचा हेतू तिच्यातून स्पष्ट होई. भीती निराधारही नव्हती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर फॉक्स आणि व्हायाकॉम या कंपन्यांनी चाहत्यांच्या संकेतस्थळांना नोटिसा पाठवल्या होत्या.

भीती दुसऱ्या बाजूलाही होती. ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेचे कर्ते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की स्वतः युजनेटवर येऊन प्रेक्षकांशी बोलत. निर्माता आणि प्रेक्षक यांच्यात रोजच्या रोज असा संवाद होणे तेव्हा नवे होते. मात्र त्यांनी एक विनंती कायम केली होती, की माझ्यासमोर कथाबीजे सुचवू नका. एकदा एका चाहत्याने सहज लिहिलेली कल्पना आधीच योजलेल्या भागाशी जुळली, आणि त्या चाहत्याकडून लेखी खुलासा मिळेपर्यंत ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ हा भाग बाजूला ठेवावा लागला. उद्या कोणी ‘माझी कल्पना चोरली’ म्हणून दावा केला तर काय, हा प्रश्न होता. पुढे त्या मालिकेसाठी नियंत्रक असलेला वेगळा गट निघाला, जिथे कथाबीजे असलेला मजकूर आधीच गाळला जाई. मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी स्वयंसेवकांनी तो तपासण्याची पद्धत एका मालिकेच्या कामकाजासाठी इतकी निकडीची ठरेल असे युजनेट उभारणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

अमेरिकी कायद्यात ‘फेअर यूज’ म्हणजे न्याय्य वापराची तरतूद आहे. १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका विडंबनगीताच्या खटल्यात असे तत्त्व मांडले, की मूळ कृतीत नवा अर्थ किंवा नवा हेतू भरून तिचे रूपांतर केले असेल, तर तो वापर न्याय्य ठरण्याची शक्यता वाढते. चाहत्यांनी हे तत्त्व उचलले. आम्ही मूळ कृतीची नक्कल करत नाही, तिचे रूपांतर करतो, असा युक्तिवाद पुढे त्यांच्या संस्थेच्या नावातच आला.

जागा कोणाची?

१९९८ च्या ऑक्टोबरमध्ये शिंग ली यांनी फॅनफिक्शन.नेट सुरू केले. एका मालिकेपुरत्या साठ्यांच्या जागी आता सगळ्या मालिका, चित्रपट आणि पुस्तके एकाच छताखाली आली, आणि कथा टाकण्यासाठी कोणाला ईमेल पाठवायची गरज उरली नाही. प्रत्येक प्रकरणाखाली अभिप्राय, लेखकाचे पान, आवडत्यांची यादी ही रचना तिथे लाखो किशोरवयीन मुलामुलींनी वापरली. २००२ मध्ये त्या स्थळाने ‘एनसी-१७’ प्रतीच्या कथा बंद केल्या आणि पुष्कळ लेखन एका निर्णयासरशी नाहीसे झाले.

चाहते मग लाइव्हजर्नलवर एकवटले. तिथे वैयक्तिक रोजनिशी, सामाईक गट, एकाखाली एक सरकणारी उत्तरे आणि निवडक मित्रांपुरती नोंद ठेवण्याची सोय एकत्र होती. २००७ च्या मे महिन्याच्या अखेरीस, एका बाहेरच्या गटाने लैंगिक आशयाबद्दल तक्रारी केल्यावर, लाइव्हजर्नलने सुमारे ५०० खाती बंद केली. बंद खात्याच्या नावावर आडवी रेघ मारलेली दिसे, म्हणून हा प्रसंग ‘स्ट्राइकथ्रू’ या नावाने ओळखला जातो. बंद झालेल्यांत चाहत्यांच्या कथांचे गट होते, तसेच अत्याचारातून सावरणाऱ्यांचे आधारगटही होते. कंपनीने नंतर माफी मागून बरीच खाती परत दिली, पण दुसऱ्याच्या जागेत आपण पाहुणे आहोत हे सगळ्यांना कळून चुकले. त्याच सुमारास ‘फॅनलिब’ नावाची एक कंपनी चाहत्यांच्या कथांवर व्यवसाय उभारू पाहत होती. नफा कंपनीचा आणि कायदेशीर जोखीम लेखिकेची, असा तिच्या अटींचा अर्थ चाहत्यांनी लावला आणि तिला साथ दिली नाही. २००८ मध्ये ती बंद पडली.

‘स्ट्राइकथ्रू’च्याच वर्षी, २००७ मध्ये, कादंबरीकार नेओमी नोविक आणि इतर चाहत्यांनी पुढाकार घेऊन ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ (रूपांतर करणाऱ्या कृतींसाठीची संघटना) ही ना-नफा संस्था स्थापन केली. जाहिराती नकोत, सर्व्हर स्वतःच्या मालकीचे हवेत, आणि कायद्याच्या बाजूने वकील उभे करता यावेत, ही तिची भूमिका होती. संस्थेचे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे स्थळ नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याचा प्रोग्रॅम स्वयंसेवकांनी लिहिला. अनेक स्त्रिया प्रोग्रॅमिंग तिथेच पहिल्यांदा शिकल्या. देणग्यांवर चालणाऱ्या या स्थळावर आज एक कोटीहून अधिक कृती आहेत आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

टॅगची देखभाल

या स्थळावरची टॅगची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण इंटरनेटवर मोठा साठा कसा लावावा या जुन्या प्रश्नाला तिने व्यवहार्य उत्तर दिले आहे. ग्रंथालयात वर्गीकरण वरून ठरते. नवा विषय आला तर त्याला घर मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. बहुतेक समाजमाध्यमांवर याच्या उलट, ज्याला जे सुचेल तो टॅग, त्यामुळे एकाच गोष्टीची पन्नास नावे होतात आणि शोध अपुरा राहतो. इथे लेखिकेला हवा तो टॅग हव्या त्या शब्दांत लिहायची मोकळीक आहे. एकीने ‘मल्डर/स्कली’ लिहिले, दुसरीने ‘स्कली/मल्डर’, तिसरीने नुसते ‘एमएसआर’, तरी स्वयंसेवक हे तिन्ही टॅग पडद्यामागे एका प्रमाण टॅगला जोडून ठेवतात. वाचकाने कोणताही एक शोधला तरी तिन्ही कथा समोर येतात, आणि लेखिकेने लिहिलेला शब्द तिच्या कथेवर तसाच राहतो. व्यापक टॅगखाली उपटॅगही जोडलेले असतात. हे काम यंत्र करत नाही. त्या त्या मालिकेची जाण असलेली माणसे एकेक टॅग वाचून करतात.

पूर्वसूचनांची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली आहे. तीव्र हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांशी लैंगिक संबंध, या चार बाबींविषयी लेखिकेने सांगणे अपेक्षित असते. पण मृत्यूची सूचना दिली तर कथेचे रहस्यच फुटते, तेव्हा काय करावे? त्यासाठी ‘लेखिकेने सूचना न देण्याचे ठरवले आहे’ असा वेगळा पर्याय ठेवला आहे. म्हणजे ज्याला जपून वाचायचे आहे त्याला ‘इथे धोका असू शकतो’ एवढे कळते आणि कथेतला धक्काही शाबूत राहतो. युजनेटवरच्या रिकाम्या ओळी आणि शीर्षपत्र दोन्ही यात एकत्र आलेले आहेत. आज दृक्श्राव्य सेवा भागाच्या सुरुवातीला आशयसूचना देतात, त्या कायद्याच्या आणि नियामकांच्या धाकाने दिलेल्या असतात. वाचकांनी वाचकांसाठी त्या आधीच इतक्या बारकाईने घडवल्या होत्या हे माहीत असायला हवे.

आता त्या तिरक्या रेघेकडे येऊ. टॅग लावून दुवे जपून ठेवणारी ‘डिलिशियस’ ही सेवा २००३ पासून होती आणि कथांच्या शिफारसी साठवण्यासाठी चाहत्यांनी ती इतर कोणाहीपेक्षा कसून वापरली. २०११ मध्ये ती नव्या मालकांकडे गेली आणि नव्या रूपात उघडली तेव्हा शोधपट्टीत तिरकी रेघ चालेनाशी झाली. बनवणाऱ्यांना ते एक किरकोळ चिन्ह वाटले असणार. ज्यांचे सगळे वर्गीकरण ‘कर्क/स्पॉक’ अशा नावांवर उभे होते, त्यांच्या दृष्टीने साठ्याची किल्लीच हरवली. ‘पिनबोर्ड’ ही तशीच छोटी सेवा एकहाती चालवणाऱ्या मॅचे सेग्वोव्स्की यांनी चाहत्यांना विचारले, की तुम्हाला नेमके काय हवे? उत्तरादाखल चाहत्यांनी एकत्र बसल्यासारखा एकच सामाईक दस्तऐवज लिहून काढला, पानेच्या पाने, प्राधान्यक्रम लावून आणि तंत्राच्या अडचणींची चर्चा करून. सेग्वोव्स्की यांनी त्यांतल्या सोयी आपल्या सेवेत घातल्या आणि पुढे व्याख्यानांतून या वापरकर्त्यांचे मनापासून कौतुक केले.

मालिकेच्या दारापर्यंत

चाहते आणि निर्माते यांच्यातली भिंत काही ठिकाणी पारच ओलांडली गेली. ‘झीना : वॉरियर प्रिन्सेस’ (१९९५ ते २००१) या मालिकेतील झीना आणि गॅब्रिएल यांच्या नात्यावर चाहत्यांनी अफाट लिहिले. त्यांतल्या एक, मेलिसा गुड, यांना निर्मात्यांनी बोलावून शेवटच्या वर्षात दोन भाग लिहायला दिले. २००७ मध्ये सीबीएसने ‘जेरिको’ बंद केली तेव्हा चाहत्यांनी त्या मालिकेतल्या एका संवादाचा धागा पकडून वाहिनीच्या कार्यालयांत वीस टनांहून अधिक शेंगदाणे धाडले, आणि मालिकेला आणखी सात भाग मिळाले. एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट खुणेने, एकाच दिशेने गर्दी वळवण्याचे तंत्र त्यांनी हॅशटॅगच्या आधीच आत्मसात केले होते.

हेच तंत्र माणसावर उलटवताही येते. शिपरांची भांडणे अनेकदा अभिनेत्रीला शिवीगाळ करण्यापर्यंत, लेखिकेला एकत्र येऊन हैराण करण्यापर्यंत गेली. २००९ मध्ये लाइव्हजर्नलवर विज्ञानकथा आणि चाहतावर्गातल्या वंशभेदावर कित्येक महिने चाललेल्या वादाने दाखवून दिले, की स्वतःला मोकळ्या मनाचे समजणाऱ्या या वर्तुळात कृष्णवर्णीय आणि आशियाई वाचकांना परकेपण वाटत होते. ते दुखणे अजून पुरते बरे झालेले नाही, आणि या परंपरेवर प्रेम असलेल्यांनीच ते आधी मान्य करायला हवे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले, आणि घरोघरी पोहोचायला त्याला आणखी बरीच वर्षे लागली. त्यामुळे युजनेटच्या बहराचा काळ आपल्या बहुतेकांना चुकला. पण सवयी आल्या. ‘इंडिया फोरम्स’वर हिंदी मालिकांचे चाहते वर्षानुवर्षे भागागणिक चर्चा आणि कथा लिहीत आले आहेत. २०११ मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेल्या ‘इस प्यार को क्या नाम दूं’ या मालिकेतल्या अर्णव आणि खुशी यांचे ‘अर्शी’ हे जोडनाव त्यांच्यावरच्या असंख्य कथांच्या माथ्यावर दिसते. प्रतिलिपीवर मराठीत भागाभागाने येणारी कथा, प्रत्येक भागाखालचे ‘पुढचा भाग लवकर टाका’ असे आर्जव आणि त्या आर्जवाने हलणारी लेखिका, हे चित्रही फॅनफिक्शन.नेटच्या वाचकाला ओळखीचे वाटेल.

उरला प्रश्न जपणुकीचा. २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही वैयक्तिक संकेतस्थळांसाठी जागा देणारी सेवा बंद केली आणि चाहत्यांनी हाताने बांधलेली असंख्य पाने गेली. २०१९ च्या अखेरीस याहू ग्रुप्समधला मजकूर पुसला जाणार असे जाहीर झाले तेव्हा नव्वदच्या दशकापासूनच्या टपालयाद्या, म्हणजे ईमेलवर चालणारे चर्चागट, वाचवण्यासाठी स्वयंसेवकांची धावपळ उडाली. ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’चा ‘ओपन डोअर्स’ हा उपक्रम असे बंद पडणारे जुने साठे आपल्या स्थळावर आणतो. त्यासाठी आधी मूळ लेखिकांना ईमेल पाठवले जातात. पुष्कळसे पत्ते वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या नोकरीचे किंवा विद्यापीठाचे असल्यामुळे परत येतात. पत्ता लागला तर कथा आपल्या नावावर ठेवायची, नाव काढून ठेवायची की पुसून टाकायची, हे लेखिका ठरवते. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या कथा साठ्याच्या नावाने ठेवल्या जातात, आणि त्या लेखिकेला पुढे केव्हाही येऊन त्यांवर हक्क सांगता येतो किंवा त्या काढून टाकायला सांगता येते.